न हलणारं टेबल

शनिवारी दुपारी दीडच्या सुमाराला बसवराज अण्णांनी तळघराचं जाड दार आतून ओढून घेतलं आणि दाराची मूठ त्यांच्या हातात आली.

त्यांनी ती उलटी करून पाहिली. मुठीचा चौकोनी दांडा मधेच तुटला होता. उरलेला तुकडा कुलपाच्या पोटात खोल अडकून राहिला होता.

"मॅडम, हे बघा," ते म्हणाले.

दिपाली टेबलाखाली वाकून केबल सोडवत होती. तिनं मान वर केली, मूठ पाहिली आणि हातातली केबल खाली ठेवली.

दिपाली वाघमोडे तीस वर्षांची. सांगोला तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरची. बार्शीला कॉलेज करून पुढं पुण्यात भौतिकशास्त्र शिकली आणि गेली दोन वर्षं सोलापुरात, होटगी रस्त्यावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या तळघरात काम करत होती. तिथं तिच्या ताब्यात एक टेबल होतं. दूर अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की जी लहर निघते, ती पकडायला वेधशाळेत काही किलोमीटर अंतरावर आरसे टांगतात. ही लहर इतकी बारीक असते की जवळून ट्रक गेला तरी त्या हादऱ्यात ती हरवून जाते. त्यामुळं आधी आरशाखालचं टेबल हलू न देण्याची सोय करावी लागते. दिपालीचं टेबल ही त्या सोयीची लहान नक्कल होती. आरसा नव्हता, वेधशाळा नव्हती. स्प्रिंगांवर तोललेलं शंभर किलोचं अॅल्युमिनियमचं टेबल, त्याच्याभोवती सेन्सर आणि चुंबकांवर बसवलेल्या सहा कॉइल, एवढंच. जमीन जराशी हलली की सेन्सर ते वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरला कळवायचे, आणि कॉम्प्युटर कॉइलमधून करंट सोडून टेबलाला तेवढंच उलट ढकलायचा. जमीन हलायची, टेबल जागचं हलायचं नाही. सोलापूरची जागा यासाठी मुद्दाम निवडली होती. होटगीकडं जाणाऱ्या मालगाड्यांमुळं इथली जमीन दिवसभर थरथरत असते, आणि टेबलाच्या परीक्षेला तेच हवं होतं.

बसवराज बिराजदार मूळचे अक्कलकोटकडचे. अक्कलकोट रोडला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. वय अठ्ठावन्न. केसाएवढी बारीक तार ते हातानं अशी गुंडाळत, की एक वेढा दुसऱ्यावर चढत नसे. बाहेरून मागवलेल्या दोन कॉइल जळाल्यावर दिपाली त्यांना शोधत गेली होती, आणि तेव्हापासून सगळ्या कॉइल त्यांच्याच. आज ते सहावी बसवायला आले होते. ती बसवून झाली होती. चाचणीसाठी दार लावायचं तेवढं राहिलं होतं.

अण्णांनी स्क्रूड्रायव्हर काढला, मग पक्कड, मग वाकडी सुई. पाऊण तास ते दाराशी उकिडवे बसून होते. दार स्टीलचं, आत फोम भरलेलं, कडेनं रबराची पट्टी. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला. वारा, आवाज, काहीच आत येऊ नये म्हणून बनवलेलं दार.

"आत तुकडा फिरतोय नुसता. धरायला जागाच न्हाय," ते शेवटी म्हणाले. "फोन लावा कुणाला."

"फोन वर आहे. तुमचाही मीच ड्रॉवरमध्ये ठेवायला लावला."

"व्हय की." अण्णांनी खिसे चाचपून पाहिले, तरीही. "मग कोण येईल?"

दिपालीनं डोक्यात माणसं फिरवली. प्रयोगाचे प्रमुख, सर, परिषदेला परदेशात. कॉलेजला सुट्ट्या लागलेल्या. गेटवर वॉचमन शहाजी होता, पण गेट तिथून दूर, आणि तो इमारतीत फिरकत नसे. ती चारच्या एसटीनं गावी जाणार होती. ती आली नाही तर आईला वाटलं असतं, काम निघालं.

"तुमच्या घरी?" तिनं विचारलं.

"घरात सांगितलंय, हितनं तसाच अक्कलकोटला भावाकडं जातो, सोमवारी येतो."

"भावाला माहीत आहे?"

"त्याला कशाला सांगतोय. त्याच्याकडं सांगून जातंय कोण."

ती दारावर दोन्ही हातांनी थापा मारू लागली. मग पाना घेऊन बडवू लागली. ओरडली. फोमनं सगळा आवाज पिऊन टाकला. मग तिनं फरशीवर पाना आपटायला सुरुवात केली, कारण फरशीत जमिनीचा सेन्सर होता आणि त्याच्यावर प्रत्येक ठोका उमटत होता. पण शनिवारी तो आलेख कुणी बघत नसे. बघितलाच तरी मालगाडीच्या हादऱ्यात एका पान्याचा ठोका कुणाला दिसणार होता? आणि टेबल शांत उभं होतं. तिच्या प्रत्येक ठोक्याला सहाच्या सहा कॉइल चोख उत्तर देत होत्या. दोन वर्षं खपून तिनं त्याला हेच शिकवलं होतं.

"साकु," अण्णा कन्नडमध्ये म्हणाले. "साकु, साकु. पुरे आता. बसा जरा."

ती बसली नाही. खोलीत फेऱ्या मारू लागली. दहा बाय बारा फुटांची खोली, त्यात मधे टेबल; चार पावलांत भिंत यायची. तिचा श्वास जलद झाला होता आणि तो तिलाच ऐकू येत होता.

"हवेचा पंखा कुठं हाय?" अण्णांनी छताच्या जाळीकडं बघत विचारलं.

"बंद आहे. चाचणीला बंद ठेवावा लागतो. बटण वर."

"केबल जाते त्या भोकातनं?"

"ते राळ ओतून भरलंय."

अण्णांनी मान हलवली. "मग पळू नका. मी विहिरीत मोटारी काढायचो तरुणपणी. मंद्रूपकडं एका विहिरीत दोर तुटला, चार तास खाली होतो. वरनं म्हातारा एकच सांगत हुता, हलू नको, बोलू नको, हवा खाऊ नको. हिथं तर विहिरीपेक्षा जागा हाय. बसा."

ती भिंतीला टेकून बसली. हिशेब तिला येत होता आणि तो करणं थांबवता येत नव्हतं. खोलीत हवा किती, दोन माणसं तासाला किती खराब करतात. रविवारी दुपारपर्यंत डोकं दुखेल, धाप लागेल. सोमवारी सकाळी नऊला पहिला माणूस येईल तोपर्यंत...

"किती येळ?" अण्णांनी विचारलं. तिचे ओठ हलत असावेत.

"उद्या दुपारपर्यंत काही होत नाही."

"आनि मग?"

तिनं दाराकडं पाहिलं. अण्णांनी पुन्हा विचारलं नाही.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "अण्णा, मूठ दोन महिने ढिली होती."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"मला माहीत होतं. मी टेप गुंडाळून ठेवली होती. दुरुस्तीचा अर्ज केला असता तर सुरक्षेची माणसं आली असती आणि खोली महिनाभर बंद केली असती. जूनमध्ये माझं कंत्राट संपतंय. त्याच्या आधी निकाल दाखवायचा होता."

अण्णांनी तुटलेली मूठ उचलली. तिच्यावर काळी टेप होती. त्यांनी नखानं तिचं टोक सोडवलं, पुन्हा चिकटवलं आणि मूठ खाली ठेवली. ते रागावून काही बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"मला सांगायचं न्हाय व्हय?" ते शेवटी म्हणाले. "तीनदा आलो की मी हितं. अर्ज कशाला पायजे. चौकोनी दांडा दुकानात पडलाय."



घड्याळात पावणेतीन झाले होते. दिपालीनं टेबलाकडं पाहिलं आणि ती उठली. "हे बिघडवायला पाहिजे," ती म्हणाली.

टेबलावर एक प्रोग्राम पहारा करायचा. टेबल आवाक्याबाहेर गेलं, की तो सगळ्या कॉइलचा करंट तोडायचा आणि तीन फोनांवर निरोप पाठवायचा. एक फोन दिपालीचा, वर ड्रॉवरमध्ये. दुसरा सरांचा, आणि परदेशात त्यांची ती झोपेची वेळ होती. तिसरा उत्कर्षाचा. उत्कर्षा पुण्यात बसून याच टेबलाचे आकडे बघायची. दोघी एमएस्सीला बरोबर होत्या.

दिपालीनं अण्णांनी दीड तासापूर्वीच बसवलेल्या कॉइलची केबल उपसली. टेबल एका कोपऱ्यात डचमळलं. भिंतीवरच्या कंट्रोलच्या डब्यावरचा हिरवा दिवा गेला, लाल लागला.

दोघं दिव्याकडं बघत उभे राहिले. पाच मिनिटं गेली. मग लाल दिवा विझला आणि हिरवा लागला.

"ती आहे," दिपाली म्हणाली. "अण्णा, उत्कर्षा आहे. पुण्याहून तिनं चालू केलं."

हिरवा दिवा तीन-चार सेकंद टिकला, मग पुन्हा लाल. थोड्या वेळानं पुन्हा हिरवा, पुन्हा लाल. पलीकडं एक माणूस होतं, बटण दाबत होतं, आणि त्याला काही समजत नव्हतं. दिपाली डब्याच्या इतकी जवळ उभी होती की तिचा श्वास डब्याच्या काचेवर उमटत होता. सात वेळा हिरवा लागला. सातव्यांदा तो गेल्यावर लाल दिवा तसाच राहिला. सव्वातीन झाले. साडेतीन झाले.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"सोडून दिलं तिनं. आज नवी कॉइल बसणार हे तिला माहीत आहे. तिला वाटलं असेल, कॉइल खराब निघाली, सोमवारी बघू. मालगाडी गेली तरी असं होतं, आम्हाला सवय आहे."

अण्णांना ते लागलं. "माझी कॉइल खराब?"

"तिला वाटलं असेल, म्हणतेय."

खोली गरम झाली होती. बाहेर मेचं ऊन असणार. इथं ऊन नव्हतं, पण अंगातून निघालेली वाफ जायला वाट नव्हती. अण्णांनी शर्ट काढून घडी घालून बाजूला ठेवला आणि बनियनवर फरशीवर आडवे झाले. 

"विहिरीत वरनं म्हातारा बोलत हुता," ते छताकडं बघत म्हणाले. "हितं कोण बोलंना."

दिपाली कितीतरी वेळ त्या लाल दिव्याकडं बघत बसली. संध्याकाळी सहाला उत्कर्षा दिवसभराचा आलेख काढून सगळ्यांना पाठवायची, सुट्टी असली तरी. त्या आलेखात दर मिनिटाची सरासरी असायची. ठोके, धक्के, हलवाहलव सगळं त्या सरासरीत पुसलं जायचं. जे मिनिटभर जागचं राहील तेवढंच दिसायचं. कॉइल मेल्या होत्या, पण सेन्सर जिवंत होते. टेबल कुठं आहे हे ते अजून सांगत होते.

"टेबल बिघडलंय असंच वाटणार तिला," ती स्वतःशीच बोलली. "बिघडलेलं नाही, हे कसं कळवायचं?"

अण्णा कोपरावर उठले. "मोटार बिघडली की कशी बिघडती, मॅडम? वेडीवाकडी. कधी तापती, कधी घुमती. चाळीस वर्षांत मोजून बिघडलेली मोटार मी पाह्यली न्हाय."

"मोजून?"

"एक, दोन, तीन असं. माणूस मोजतंय. यंत्राला कुटलं मोजायला येतंय."

टेबल समतोल करायला पितळेची वजनं होती, पन्नास पन्नास ग्रॅमची, डबीत पाच. एक वजन ठेवलं की टेबल कागदाच्या जाडीएवढं खाली दबायचं. डोळ्यांना दिसलं नसतं, सेन्सरला नक्की दिसलं असतं.

चार वाजून दहा मिनिटांनी दिपालीनं पहिलं वजन ठेवलं. पाच मिनिटं थांबून दुसरं. मग तिसरं. घड्याळ अण्णांच्या मनगटावर होतं. ते "हं" म्हणाले, की ती वजन ठेवायची. ठेवताना तिचा हात कापायचा आणि टेबल डोलत राहायचं. तिसऱ्या वजनानंतर अण्णा म्हणाले, "द्या इकडं." घड्याळ तिच्या हातात आलं. अण्णांनी चौथं वजन दोन बोटांत धरून असं टेकवलं, की टेबलाला ते कळलंही नसेल.

पाच वजनं चढली. मग तशीच पाच पाच मिनिटांनी एकेक उतरली. पाच पायऱ्या वर, पाच खाली. पाचला पाच कमी असताना टेबल मोकळं झालं. अर्धा तास त्यांनी दम घेतला, तरी डब्यावरचा दिवा लालच होता.

"पुन्हा," दिपाली म्हणाली.

दुसऱ्या खेपेला ते बोललेच नाहीत. बोलायला श्वास लागायचा. अण्णा मधल्या पाच मिनिटांत डोळे मिटून बसायचे आणि कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटायचे, देवाचं असावं. दिपालीला तहान लागली होती. पाण्याची बाटलीसुद्धा वरच होती. पाणी सांडायला नको म्हणून तोही नियम तिनंच केला होता. तिला वाटलं, आपण या खोलीत एकेक करून सगळं बाहेर ठेवलं. आवाज, वारा, फोन, पाणी, माणसं.

सहा वाजले तेव्हा दुसऱ्यांदा उतरताना दोन वजनं टेबलावर उरली होती. अण्णांनी तरी वेळ सोडली नाही. पाच मिनिटांनी एक, आणखी पाच मिनिटांनी शेवटचं.

सहा वाजून सतरा मिनिटांनी हिरवा दिवा लागला. लगेच गेला. पुन्हा लागला, गेला. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा, सारख्या अंतरानं. मग थांबला.

"पाच," अण्णा म्हणाले.

दिपाली रडायला लागली. अण्णांनी शर्ट अंगात घातला आणि सगळी बटणं लावली.

दार उघडायला त्यानंतरही तास गेला. उत्कर्षाच्या फोनवरून धावत आलेल्या शहाजीनं बाहेरची मूठ फिरवून पाहिली तर ती नुसतीच फिरत होती. आतल्या दोघांना दाराला हात लावला तर बारीक धक्के जाणवत होते, आवाज नव्हता. धक्के थांबले की दिपालीला वाटे, माणूस गेला. शेवटी शहाजीनं रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याला आणलं, त्यानं बिजागऱ्यांच्या खिळी ठोकून काढल्या, आणि दार वाकडं होऊन भिंतीला टेकलं. बाहेरची हवा आत आली. तिला धुळीचा आणि वेल्डिंगवाल्याच्या तंबाखूचा वास होता.

अण्णा कुणाशी न बोलता जिना चढून वर गेले आणि नळाखाली डोकं धरून उभे राहिले.

दिपालीनं वर जाऊन ड्रॉवर उघडला, तोच उत्कर्षाचा फोन आला. "मी दुपारी सात वेळा रिसेट केलं आणि लॅपटॉप मिटला," ती म्हणाली. "सोमवारी बघू म्हणून वहीत लिहिलं पण. सहाचा आलेख आज पाठवणारच नव्हते, बहिणीकडं निघाले होते. चप्पल घालून उभ्याउभ्या उघडला. पायऱ्या दिसल्या. तरी मी पहिल्यांदा म्हटलं, तापमानामुळं असेल. दिपा, मी असं म्हटलं. मग दुसऱ्या पायऱ्या दिसल्या आणि तुला फोन लावला. तू उचलेना."

"तू बघितलंस ना."

"दुपारी पण बघितलंच होतं," उत्कर्षा म्हणाली.

दिपालीनं रविवारी अहवाल लिहिला. मूठ दोन महिने ढिली होती आणि ते मला माहीत होतं, हे वाक्य तिनं पहिल्याच परिच्छेदात घातलं. सरांनी परदेशातून फोन करून सांगितलं, की ते वाक्य नसलं तरी चालेल, कंत्राटाचा विचार कर. तिनं ते ठेवलं. खोली बंद झाली. पुढं जूनमध्ये कंत्राट वाढवल्याचं पत्र आलं नाही. येणार नाही असंही कुणी सांगितलं नाही.

त्या शनिवारनंतर आठवड्यानं ती अक्कलकोट रोडला अण्णांच्या दुकानात गेली. शटर पूर्ण वर होतं, आणि अण्णा आत न बसता बाहेर पत्र्याच्या सावलीत स्टूल टाकून मोटारीची जुनी तार उपसत होते. त्यांनी तिला दुसरं स्टूल पुढं केलं.

"माझ्यामुळं झालं," ती म्हणाली. "तिथं नीट बोलता आलं नाही."

"व्हय, तुमच्यामुळंच झालं," अण्णा म्हणाले. "आता काय." त्यांनी तारेचा गुंता खाली टाकला. "कॉइल लागली तर करून देतो. हितं येऊन न्या. खाली यायचं मात्र न्हाय मला."

तिनं मान डोलावली. चहा आला. एक टेम्पो मोटार टाकून गेला. अण्णांनी पावती केली नाही, नुसती खूण करून ठेवली.

"घरी काय सांगितलं?" तिनं विचारलं.

"काय न्हाय. घरची इचारती, मोरीचं दार का लावत न्हाय म्हणून. म्हटलं, उकडतंय." ते कपातल्या चहाकडं बघत होते. "तुमी?"

"मी एसटीत दाराजवळचीच सीट बघते," दिपाली म्हणाली. "काल मिळाली नाही, तर उतरले आणि पुढच्या गाडीची वाट बघत थांबले."

अण्णांनी आपलं स्टूल थोडं सरकवलं आणि सावलीत तिच्यासाठी जागा केली.